पाइनचे रोप घेताना आईचे गाव विचारा, बापाचे नाव विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जॉर्जिया राज्यात, मेकन शहराच्या दक्षिणेला ४० एकर जमीन. जुने पाइन कापून झाले आहेत आणि येत्या हिवाळ्यात नवी लागवड करायची आहे. नर्सरीने लोब्लॉली पाइनच्या रोपांचे तीन भाव सांगितले: साधे ‘ओपी’ (ओपन पॉलिनेटेड), त्याच्या दुपटीहून महाग ‘एमसीपी’ (मास कंट्रोल पॉलिनेटेड) आणि सगळ्यांत महाग ‘क्लोन’. हा फरक खरा की नुसती विक्रीची भाषा? आणि बांधाच्या कडेला चार-पाच उंच, सरळसोट जुनी झाडे राखली आहेत, त्यांचेच बी धरून रोपे केली तर पैसे वाचणार नाहीत का?

फरक खरा आहे. तिन्ही रोपे दिसायला एकसारखी असतात. हातात घेऊन वाकवून, मुळ्या पाहून काही कळत नाही. भाव असतो तो बापाविषयीच्या माहितीचा. ओपी म्हणजे आई माहीत, बाप वारा आणेल तो. एमसीपी म्हणजे आई-बाप दोन्ही निवडलेले आणि पिशवी बांधून जमवलेले. क्लोन म्हणजे एकाच रोपाच्या हुबेहूब प्रती. पण या तिन्हींच्या आधी एक गोष्ट येते, जी भावपत्रकात बहुतेक वेळा छापलेलीच नसते: आई कुठल्या गावची.

लोब्लॉलीचा मुलूख मोठा आहे. डेलावेअर-मेरीलँडपासून खाली फ्लोरिडापर्यंत आणि पश्चिमेला पूर्व टेक्सासपर्यंत. एवढ्या पट्ट्यात झाड एकच असले तरी स्वभाव एक नाही. हे पहिल्यांदा ठसठशीतपणे दिसले ते लुइझियानातल्या बोगालुसा इथे. वनसंशोधक फिलिप वेकली यांनी १९२६ च्या सुमारास तिथे लुइझियाना, टेक्सास, जॉर्जिया आणि आर्कन्सा अशा चार ठिकाणच्या बियांची रोपे शेजारी-शेजारी लावली. २२ वर्षांनी मोजले तेव्हा स्थानिक बियाण्याचे लाकूड बाकीच्यांच्या जवळपास दुप्पट, काहींच्या तर त्याहूनही जास्त भरले. जॉर्जियाच्या झाडांना तांबेऱ्याने, म्हणजे खोडावर गाठी आणणाऱ्या बुरशीने, सर्वांत जास्त ग्रासले होते. यात कुठलेही संकर नव्हते, निवड नव्हती. फक्त बी कुठून आणले एवढाच फरक होता. १९५१ मध्ये यावरूनच सगळ्या दक्षिणी राज्यांत मिळून बियाण्याच्या मुळाचा मोठा अभ्यास सुरू झाला आणि आजचे नियम त्यातून आले.

नियम असा. तुमच्या गावी दर वर्षी सर्वांत थंड रात्री पारा कितीवर उतरतो, त्याची अनेक वर्षांची सरासरी काढा. बियाण्याच्या मूळ गावची तीच सरासरी तुमच्यापेक्षा ५ अंश फॅरनहाइटच्या आत हवी, म्हणजे सेल्सिअसमध्ये जेमतेम ३. थोडे उबदार बाजूचे बी आणले तर फायदा होतो, कारण दक्षिणेकडचे झाड पावसाळी, उबदार शरदात उशिरापर्यंत वाढत राहते. पण हाच गुण जास्त ताणला की अंगाशी येतो. कोवळा शेंडा थंडीत जळतो, लांब सुयांवर, म्हणजे पाइनच्या पानांवर, बर्फ साचून फांद्या मोडतात. उत्तरेकडचे बी आणले तर झाड मरत नाही, फक्त आळशी वाढते, आणि ते नुकसान डोळ्यांना दिसत नाही म्हणून जास्त घातक. पूर्व-पश्चिमेचा हिशेब निराळा. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेचे बी दुष्काळाला आणि तांबेऱ्याला चिवट, पण वाढीला हळू. नदीच्या पूर्वेला लुइझियानातच लिव्हिंग्स्टन पॅरिश म्हणून भाग आहे, तिथले बी मात्र तांबेऱ्याला चांगले तोंड देते आणि वाढतेही. म्हणून जॉर्जिया-अलाबामाच्या तांबेऱ्याच्या पट्ट्यात ते बरेच लावले गेले. ‘स्थानिक तेच उत्तम’ हा नियम सुरक्षित आहे, शेवटचा शब्द नाही.

आता बांधावरची झाडे. इथे थोडे गणित करू, म्हणजे मोह सुटेल.

समजा तुमचे झाड आजूबाजूच्या झाडांपेक्षा घनफळात ३० टक्के सरस आहे. हे सरसपण सगळे रक्तातले नसते. त्या जागी माती खोल असेल, शेजारचे झाड लवकर मेले म्हणून ऊन जास्त मिळाले असेल. पाइनमध्ये वाढीच्या गुणाचा आनुवंशिक वाटा कमी असतो, साधारण ०.१ ते ०.३. मधला ०.२ धरू. म्हणजे ३० पैकी ६ टक्केच पुढे जाण्याजोगे. आणि तुम्ही फक्त आई निवडली आहे, बाप वाऱ्यावरचा. त्यामुळे त्याचेही अर्धे. हाती आले ३ टक्के, तेही ३० टक्के सरस झाड खरोखर सापडले तर. लाकडाच्या घनतेचे तसे नाही. तिचा आनुवंशिक वाटा ०.५ च्या आसपास जातो, म्हणून घनतेसाठी झाड निवडले तर बरेच हाती लागते. पण घनता डोळ्यांनी दिसत नाही. खोडातून बोअर काढून नमुना मोजावा लागतो. डोळ्यांना दिसते ती उंची, आणि तीच सर्वांत फसवी.

दुसरा धोका जास्त गंभीर. चार-पाच झाडे एकटी उभी असली की त्यांच्या मादी शंकूंवर मुख्यतः स्वतःचेच किंवा भावंडांचे पराग पडतात. पाइन स्वतःच्या परागाने फळते, पण बिया मोठ्या प्रमाणात पोकळ निघतात आणि ज्या उगवतात त्यांतली बरीच रोपे खुरटी राहतात. एकट्या झाडाचे बी कधीही धरू नये. हे पाइनलाच नाही, सागालाही लागू आहे.

मग जाणकार लोक करतात काय? १९५० च्या दशकात टेक्सास, फ्लोरिडा आणि नॉर्थ कॅरोलायनात विद्यापीठे, राज्यांची वनखाती आणि कागद कंपन्या यांच्या सहकारी योजना निघाल्या. १९५६ मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात ब्रूस झोबेल यांनी सुरू केलेली त्यांतली सर्वांत नावाजलेली. पद्धत सगळीकडे साधारण सारखीच. एकाच वयाच्या जंगलात फिरून प्लस ट्री, म्हणजे इतरांपेक्षा उठून दिसणारे झाड, शोधायचे आणि त्याची तुलना त्याच जंगलातल्या पाच सर्वोत्तम शेजाऱ्यांशी करायची. सरासरीशी नव्हे, सर्वोत्तमांशी, म्हणजे मातीचा आणि वयाचा फरक जवळजवळ निघून जातो. उंची, घनफळ, खोडाचा सरळपणा, फांद्यांची जाडी आणि कोन, खालच्या फांद्या आपोआप गळतात का, रोगाच्या गाठी आहेत का, प्रत्येकाला गुण. मोकळ्यावर एकटे वाढलेले झाड कितीही देखणे असो, बाद. तुलनेला शेजारीच नसतील तर गुण कसे देणार?

निवडलेल्या झाडाच्या शेंड्याकडच्या काड्या ऐन हिवाळ्यात, झाड निद्रिस्त असताना काढून खुंटावर पाचर कलम करतात. आपल्याकडे कलम म्हटले की हापूस आठवतो, पण इथे एक मोठा फरक आहे. हापूसचे कलम तुम्ही शेतात लावता, फळही त्याचेच खाता, म्हणून गुण शंभर टक्के तसाच येतो. पाइनची कलमे जंगलात जात नाहीत. ती एका बीजबागेत जातात आणि तिथून बी घ्यायचे. त्या बियांत आईचा अर्धा वाटा, बापाचा अर्धा. बागेत २०-३० निवडक झाडांची कलमे असतात, आणि एकाच झाडाची दोन कलमे शेजारी येऊ नयेत म्हणून त्यांच्यात निदान २५-३० मीटर अंतर ठेवून आखणी करतात.

मग कसोटी. प्रत्येक मातृवृक्षाची लेकरे वेगवेगळ्या जमिनींवर, अनेक पुनरावृत्तींत लावून ६ ते ८ वर्षांनी मोजायची. जंगलात देखणी दिसलेली बरीच झाडे इथे सामान्य निघतात. त्यांची कलमे बागेतून मुळासकट काढून टाकायची. हे छाटणीचे काम ज्या बागेत कचरून केले जाते तिचे बी नावालाच सुधारित. या पहिल्या फेरीतून बिनसुधारित बियाण्यापेक्षा लाकडात साधारण ७ ते १२ टक्के वाढ मिळाली. नंतरच्या पिढ्यांत ती अर्थात पुढे गेली आहे.

तरी बापाचा घोळ राहतोच. पाइनचा पराग वाऱ्यावर मैलोन्‌मैल जातो. बागेभोवती १००-१५० मीटर मोकळा पट्टा ठेवला की बाहेरचा पराग अडेल असा सुरुवातीला समज होता. डीएनएच्या खुणा तपासायला लागल्यावर तो मोडला. लोब्लॉलीच्या बऱ्याच बागांत बियांचा तिसरा हिस्सा ते निम्मा, कधी त्याहूनही जास्त, बाहेरच्या जंगली बापाचा निघतो. म्हणजे ओपी रोपात आईकडची निवड पक्की, बापाकडची अर्धवट. म्हणून ओपी बी आता कुळवार गोळा करतात, एका मातृवृक्षाचे वेगळे. विचारताना ‘कोणत्या आईचे?’ असे विचारा. ‘सुधारित मिश्रण’ एवढेच उत्तर आले तर आई-बाप दोघांचेही नाव लपले आहे असे समजा.

एमसीपी म्हणजे हा वारा बंद करणे. जालना किंवा देऊळगाव राजाच्या शेतांत संकरित बियाण्याचे क्रॉसिंग ज्यांनी पाहिले असेल त्यांना लगेच कळेल, फक्त हे काम क्रेनच्या पाळण्यात उभे राहून झाडाच्या शेंड्यावर चालते. पाइनला एक सोय आहे: नर आणि मादी वेगळ्या. नरफुलांचे घोस खालच्या फांद्यांवर, मादी शंकू वरच्या फांद्यांच्या टोकाला. त्यामुळे कापसासारखे पुंकेसर खुडावे लागत नाहीत. पण वेळ फार नाजूक असते. मादी कळी अजून खवल्यांत झाकलेली असतानाच, फेब्रुवारीत, फांदीच्या टोकावर पिशवी चढवून मान घट्ट बांधतात. दोन दिवस उशीर झाला, कळीचे तोंड उघडले, की बाहेरचा पराग शिरलाच आणि सगळी मेहनत ओपीच्या भावाची झाली. पिशवीतली हवा बाहेरपेक्षा उबदार असल्याने आतली कळी लवकर फुलते. म्हणून बाहेरच्या कळ्या बघून अंदाज बांधणारा हमखास चुकतो. पिशवीच्या खिडकीतून रोज आत बघावे लागते. शंकूचे खवले पूर्ण उकलून एकमेकांपासून सुटे दिसले की पिचकारीने पराग आत फुंकायचा. काही दिवसांत खवले फुगून मिटतात. मिटले की पिशवी काढायची, उगाच ठेवायची नाही. वाढणारा शेंडा आत कोंडून वाकडा होतो आणि उन्हाने भाजतो.

तो पराग आदल्या वर्षीचाही असू शकतो. नरघोस फुटण्याच्या बेतात असताना तोडून कोरड्या हवेत, २७-३० अंश सेल्सिअसला पसरतात, चाळणीने गाळतात, ओलावा १० टक्क्यांच्या खाली आणून उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवतात. वापरण्याआधी उगवण तपासणे हा भाग घाईत वगळला जातो आणि मग दीड वर्षाने पोकळ बिया हाती येतात. होय, दीड वर्षच. या मार्चमध्ये परागीभवन, प्रत्यक्ष फलन पुढच्या वसंतात आणि शंकू तयार होतो त्याच्या ऑक्टोबरात, एकूण सुमारे २० महिने. झाडावर एकाच वेळी या वर्षीचे बोराएवढे शंकू आणि गेल्या वर्षीचे मोठे शंकू असतात. सीड बग शंकूच्या खवल्यांतून सोंड खुपसून बियांचा रस शोषतो, कोनवर्म शंकू आतून पोखरतो. २० महिने पहारा न ठेवलेल्या बागेत बियांचा मोठा भाग यांच्याच पोटात जातो. रोपाच्या किमतीत हे सगळे आहे.

काढणीच्या वेळची एक जुनी युक्ती सांगण्यासारखी आहे. शंकू पिकला की नाही हे रंगावरून ठरवणे बेभरवशाचे. म्हणून झाडावरून तोडल्या-तोडल्या तो २० नंबरच्या मोटार ऑइलच्या डब्यात टाकतात. या तेलाचे विशिष्ट गुरुत्व ०.८८. पिकलेल्या शंकूतला ओलावा उतरलेला असतो, तो तरंगतो. कच्चा बुडतो. तोडून तासभर पडलेला शंकू वापरू नये, तो नुसत्या सुकण्यानेही तरंगेल. कच्चे शंकू भट्टीत घातले तर खवले वरून कडक होतात आणि उघडतच नाहीत, बी आत अडकून राहते. भट्टी ३५-४० अंशांची. पंख काढून साफ केलेले बी १० टक्क्यांच्या खाली सुकवले आणि उणे १८ अंशांत ठेवले की अनेक वर्षे टिकते. पेरण्याआधी रात्रभर भिजवून, निथळवून, ३ ते ५ अंशांत महिना-दोन महिने ठेवावे लागते, नाहीतर उगवण आठवडे-आठवडे रेंगाळते. किलोत साधारण ४०,००० बिया बसतात. कुळे मिसळून पेरली तर मोठ्या बियांची रोपे पुढे पळतात, छोट्या बियांची दबतात आणि प्रतवारीत फेकली जातात. त्या कुळाचा दोष नसतो, बी लहान एवढाच गुन्हा. म्हणून चांगली नर्सरी वाफेसुद्धा कुळवार ठेवते.

तांबेऱ्याकडे तुम्ही खास लक्ष द्या, कारण मध्य जॉर्जिया हा त्याचा बालेकिल्ला आहे. ही बुरशी पाइनवरून पाइनवर जात नाही. वसंतात पाइनच्या गाठीवरची नारिंगी भुकटी ओकच्या पानांवर जाते, आणि तिथे तयार झालेले बीजाणू दमट हवेत पाइनच्या कोवळ्या सुयांवर परत येतात. पहिली पाच वर्षे धोक्याची. खोडावर गाठ आली की झाड पुढे वाऱ्यात तिथेच मोडते, आणि नाही मोडले तरी करवत गिरणीत त्याला किंमत नाही. गंमत म्हणजे खत देऊन, तण मारून झाड जोमात आणले की गाठी वाढतात, कारण कोवळी वाढ जास्त. म्हणून वेगाने वाढणारे पण प्रतिकार नसलेले कूळ इथे नको. अ‍ॅशव्हिल (नॉर्थ कॅरोलायना) इथे अमेरिकी वन विभागाच्या केंद्रात रोपांना मुद्दाम लागण करून, काही महिन्यांनी गाठी मोजून कुळे पारखतात. नर्सरीच्या पत्रकात ‘आर-५०’ असा आकडा असतो. जिथे बिनसुधारित झाडांपैकी ५० टक्क्यांना गाठी येतील, अशा जागी या कुळातल्या किती टक्क्यांना येतील, तो हा आकडा. तुमच्या जमिनीसाठी २० च्या खालचाच घ्या, वाढीचा गुण थोडा कमी असला तरी.

वाढीच्या टक्क्यांवर मात्र डोळे झाकून भाळू नका. ‘३० टक्के जास्त’ म्हणजे बिनसुधारित बियाण्याच्या तुलनेत, मोजणीच्या वयाला. सहाव्या वर्षीची आघाडी २५ व्या वर्षी तेवढीच राहत नाही. शिवाय शेजारचे दुसरे सुधारित कूळ तुलनेला घेतले तर ३० चे ८-१० सुद्धा होऊ शकतात. म्हणून एकाच पत्रकातले आकडे एकमेकांशी ताडून पाहा, दोन नर्सऱ्यांचे नाही. क्रमाने प्रतिकार, खोडाचा सरळपणा, मग वाढ, असे मी मांडीन. सरळपणा तुम्हाला करवती लाकडाचा भाव देतो. नुसती वाढ कागदाच्या लगद्याचा.

क्लोनबद्दल मत स्पष्ट आहे: ४० एकरांच्या मालकाने लावू नयेत, किंवा लावलेच तर चार-पाच एकर. एकाच बियेच्या गर्भापासून प्रयोगशाळेत वाढवलेली ही रोपे एकसारखी येतात, हीच त्यांची ताकद आणि हीच जोखीम. त्या एका रोपात जी उणीव असेल ती प्रत्येक झाडात. मोठ्या कंपनीकडे जोखीम पसरायला लाखो एकर असतात. २०१४ मध्ये लोब्लॉलीचा २२ अब्ज अक्षरांचा जीनोम वाचून झाला, त्यामुळे रोप लहान असतानाच डीएनएवरून निवड करता येऊ लागली आहे, पण त्याचा फायदा तुम्हाला एमसीपीच्या नव्या कुळांतूनच मिळेल.

तर ४० एकरांचा हिशेब. ६ बाय १२ फुटांवर एकरी ६०५ झाडे बसतात, ८ बाय १० वर ५४५. ओपी घेतले तर ६०० च्या आसपास लावा, कारण विरळणीत वाकडी-दुफाटी झाडे काढायला वाव लागतो. एमसीपीत एकसारखेपणा जास्त, तिथे ५४५ पुरतात आणि भावातला फरकही थोडा भरून निघतो. चांगला निचरा असलेल्या २५ एकरांवर एमसीपीची दोन कुळे, १२-१३ एकरांच्या दोन सलग तुकड्यांत. मिसळू नका, वेगवान कूळ हळू कुळाला दाबते आणि तुम्ही दोघांचेही पैसे दिलेले असतात. उरलेल्या १५ एकरांवर, जिथे पाणी साचते किंवा माती उथळ आहे, तिथे एक चांगले ओपी कूळ. महागडी रोपे वाईट जमिनीला भीक घालत नाहीत. पहिल्या दोन वर्षांचे तणनियंत्रण चुकले तर कुळातला फरक गवतातच जिरतो.

चांगली कुळे हिवाळ्यापर्यंत शिल्लक राहत नाहीत, उन्हाळ्यातच मागणी नोंदवा. उघड्या मुळांची रोपे डिसेंबर ते फेब्रुवारीत, ओल असताना, मुळे इंग्रजी जे अक्षरासारखी वर न वळता सरळ खाली जातील अशी लावा. गठ्ठ्यावरची चिठ्ठी फेकू नका. आई, बाप, बीजबाग, काढणीचे वर्ष आणि मूळ गाव, हे सगळे जमिनीच्या नकाशावर तुकडेवार उतरवा आणि तुकड्यांच्या कोपऱ्यांवर लोखंडी खुंट ठोका. १५ व्या वर्षी विरळणीचा ठेकेदार येईल तेव्हा कोणत्या तुकड्यात हात राखायचा हे त्याला या नकाशावरून दाखवता येईल. रंगवलेल्या खुणा तोवर गेलेल्या असतात.